टेबलाचा क्रमांक उणे कसा? पोस्टग्रेसमधला टाइपचा घोळ निस्तरताना

पोस्टग्रेस या डेटाबेससाठी मी एक छोटं एक्स्टेन्शन, म्हणजे जोडप्रोग्राम, सांभाळतो. कोणतं टेबल किती वेळा अख्खं वाचलं गेलं याची मोजणी ठेवायची आणि दर तासाला लॉगमध्ये टेबलागणिक एक ओळ टाकायची, एवढंच त्याचं काम. बरीच वर्षं कोणाची तक्रार नव्हती. मग एका वापरकर्त्याने लॉगमधली ओळ पाठवली. तिच्यात टेबलाचा क्रमांक होता −१३८०१९६९८५. ‘या क्रमांकाचं टेबल आमच्याकडे नाही,’ एवढंच त्याने वर लिहिलं होतं. खरंच होतं ते. उणे क्रमांकाचं टेबल कोणाकडेच नसतं.

असा अनपेक्षित उणे आकडा दिसला की कोड उघडण्याआधी त्यात ४२९४९६७२९६ मिळवून बघायचं. हा २ चा ३२ वा घात. बेरीज आली २९१४७७०३११, आणि त्याच्या पीजी_क्लासमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या टेबलांच्या यादीत, या ओआयडीचं (पोस्टग्रेस टेबलाला देतं त्या क्रमांकाचं) टेबल निमूट बसलेलं होतं. म्हणजे आकडा कुठे हरवला नव्हता. बत्तीसच्या बत्तीस बिट शाबूत होते, फक्त कोणीतरी ते साइन्ड, म्हणजे अधिक-उणे चिन्हाचे, समजून वाचत होतं. ते कोणीतरी म्हणजे अर्थातच मी.

पोस्टग्रेसमध्ये ओआयडी हा अनसाइन्ड इंट, म्हणजे बिनचिन्हाचा पूर्णांक आहे, ० ते ४२९४९६७२९५. साधा इंट २१४७४८३६४७ वर संपतो. पहिल्या दोन अब्जांपर्यंत दोघे एकसारखेच वागतात, म्हणून असा दोष वर्षानुवर्षं दडून राहतो. नव्या क्लस्टरमध्ये (एका सर्व्हरखालचे सगळे डेटाबेस मिळून एक क्लस्टर) वापरकर्त्याच्या टेबलांचे ओआयडी १६३८४ पासून सुरू होतात, आणि दोन अब्ज टेबलं कोण बनवतंय, असं वाटतं. पण तो काउंटर एकट्या टेबलांचा नाही. सगळ्या क्लस्टरला मिळून तो एकच आहे. लार्ज ऑब्जेक्ट त्यातूनच क्रमांक घेतात, आणि टोस्टमध्ये, म्हणजे मोठ्या व्हॅल्यूंच्या वेगळ्या कोठारात, बाहेर ठेवलेली प्रत्येक मोठी व्हॅल्यूसुद्धा त्यातूनच. मोठाले जेसन साठवणारा डेटाबेस काही वर्षांत तिथे सहज पोचतो.

पुढे आज्ञा, फाइली आणि टाइप यांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाकायची, हे सांगायला नको.

आधी दोष आपल्या मशीनवर घडवा

दोष समोर घडत नसेल तर तो दुरुस्त झाला की नाही हे कळणार कसं? पण ओआयडी तीन अब्जांवर जाईपर्यंत थांबायला कोणाला वेळ आहे! पोस्टग्रेसच्याच पेटीत यासाठी एक हत्यार आहे.

वेगळ्या फोल्डरमध्ये पोस्टग्रेस स्वतः बिल्ड करून घ्या. कॉन्फिगर करताना --प्रीफिक्समध्ये आपल्या होम फोल्डरखालची जागा द्या आणि --एनेबल-डीबग, --एनेबल-कॅसर्ट, --एनेबल-टॅप-टेस्ट्स हे तिन्ही लावा. शेवटच्यासाठी पर्लचं आयपीसी-रन मॉड्यूल लागतं. कॅसर्ट सोडू नका. पोस्टग्रेसच्या कोडमध्ये पेरलेले हजारो असर्ट, म्हणजे आतल्या तपासण्या, त्यानेच जागे होतात, आणि टाइपची गल्लत पुष्कळदा तिथेच पकडली जाते. मग इनिटडीबी करून क्लस्टर एकदा चालू करा, एक्स्टेन्शन टाका आणि सर्व्हर नीट बंद करा. आता ही आज्ञा:

पीजी_रीसेटवॉल -ओ ३००००००००० -डी टेस्टडेटा

पुढचा ओआयडी तीन अब्जांपासून द्यायचा, असं आपण त्याला सांगितलं. ही आज्ञा फक्त फेकून द्यायच्या क्लस्टरवर चालवायची. ज्या डेटाचं कोणाला काही देणंघेणं आहे त्याच्या जवळपासही ती नेऊ नका. सर्व्हर चालू करून एक टेबल बनवा, चारदा वाचा, एक्स्टेन्शनला लॉग लिहायला लावा. माझ्याकडे ओळ आली −१२९४९६७२९६. त्यात ४२९४९६७२९६ मिळवा. बरोबर तीन अब्ज. दोष हातात आला.

एका अक्षराचा मोह

लॉग लिहिणारी ओळ सापडायला दोन मिनिटं लागली. फॉर्मॅटमध्ये %डी (साइन्ड) होतं, तिथे %यू (अनसाइन्ड) हवं. बदललं, बिल्ड केलं, लॉगमध्ये ३०००००००००. झालं की!

इथेच थांबायचा मोह होतो, आणि सांगायला लाज वाटते, पण मी अर्धा दिवस थांबलोही. मग एक गोष्ट खटकली. त्या ओळीवर कंपायलर कधीच का बोलला नव्हता? वॉल, म्हणजे वॉर्निंगांचा नेहमीचा संच, लावलेला होता. जीसीसी या कंपायलरचा वॉल %डी आणि अनसाइन्ड इंट यांची सांगड बघून गप्प बसतो, हे खरं आहे. त्यासाठी फॉर्मॅट-साइन्डनेस नावाची वेगळी वॉर्निंग मुद्दाम लावावी लागते. ती लावून मी जुना कोड पुन्हा बिल्ड केला. तरीही शांतता.

कारण त्या ओळीपुरतं सगळं बरोबर होतं. फॉर्मॅट %डी, आणि त्यात जाणारं व्हेरिएबलही इंट. खोटं त्या ओळीत बोललं जात नव्हतंच, ते बरंच आधी बोलून झालं होतं. छापणारी ओळ इमानदारीने ते पुढे सांगत होती.

आकड्याचा माग काढा

म्हणून उलटं चालायचं. आकडा जिथे दिसला तिथून, तो जिथे पहिल्यांदा आपल्या कोडमध्ये आला तिथपर्यंत. गिट ग्रेपने व्हेरिएबलचं नाव शोधा आणि प्रत्येक थांब्यावर टाइप कोणता आहे हे कागदावर लिहा. खरंच कागदावर, डोक्यात ठेवलं की एखादा थांबा निसटतो. माझ्या कागदावर हे उतरलं: स्कॅनच्या हूकमध्ये (टेबल वाचताना पोस्टग्रेस माझा कोड जिथून बोलावतो ती जागा) रिलेशनकडून, म्हणजे टेबलाकडून, क्रमांक घेतला तेव्हा तो ओआयडी होता. पुढच्याच ओळीत तो ‘इंट रिलआयडी’मध्ये ठेवला. तिथून तो शेअर्ड मेमरीतल्या स्ट्रक्टमध्ये गेला, तिथेही इंट. क्रमवारी लावणाऱ्या फंक्शनमध्ये इंट. एसक्यूएलला माहिती देणाऱ्या फंक्शनमध्ये इंट३२-गेट-डेटम. आणि शेवटी लॉगमधला तो %डी.

सहा थांबे, आणि गाडी पहिल्याच थांब्यानंतर रुळावरून उतरलेली.

आता दुरुस्ती उगमापासून करायची. हूकमधल्या व्हेरिएबलचा टाइप ओआयडी करा, स्ट्रक्टमधल्या फील्डचाही करा, आणि बाकी कशालाही हात न लावता बिल्ड करा. मेकला सीओपीटी या व्हेरिएबलमधून जादा वॉर्निंगा देता येतात:

मेक सीओपीटी='-डब्ल्यूफॉर्मॅट-साइन्डनेस -डब्ल्यूसाइन-कम्पेअर -डब्ल्यूसाइन-कन्व्हर्जन'

मगाशी मुका असलेला कंपायलर आता बोलायला लागतो. %डीवर बोट ठेवतो, इंटमध्ये ओतलेल्या प्रत्येक जागी ठेवतो. उगमाशी टाइप खरा केला की पुढची खोटी तो स्वतः शोधून देतो. शेवटाकडून सुरुवात केली असती तर हे काम मला डोळ्यांनी करावं लागलं असतं. साइन-कन्व्हर्जन मात्र पोस्टग्रेसच्या स्वतःच्या हेडरांवरही भरमसाट बडबडतो. तेव्हा आउटपुट आपल्या फाइलच्या नावाने गाळून घ्या, आणि हे फ्लॅग मेकफाइलमध्ये कायमचे ठेवू नका.

वॉर्निंग बंद करायला कास्ट, म्हणजे बळेच केलेला टाइपबदल, टाकायचा नाही, एवढं पथ्य पाळा. ‘(इंट) रिलआयडी’ लिहिलं की कंपायलर गप्प होतो, पण आकडा तितकाच चुकीचा राहतो, आणि पुढच्या वाचणाऱ्याला वाटतं की हे कोणीतरी विचार करून लिहिलंय. माझ्या रिव्ह्यूत कास्ट दिसला की मी आधी कारण विचारतो.

वजाबाकीने केलेली तुलना

एवढं करूनही एक जागा तशीच उरली, आणि खरा नासका आंबा तोच होता. टेबलांची यादी मी क्रमवार ठेवत होतो, क्यूसॉर्टने लावायची आणि बीसर्चने शोधायची. तुलना करणारं फंक्शन होतं एका ओळीचं: रिटर्न ए - बी. कॉलेजात सगळे शिकतात तसंच.

तीन ओआयडी घ्या: १६३८४, दोन अब्ज आणि तीन अब्ज. दोन अब्जांतून १६३८४ वजा केले, उत्तर धन, म्हणजे दोन अब्ज मोठा. तीनमधून दोन अब्ज गेले, पुन्हा धन, म्हणजे तीन अब्ज मोठा. आता तीन अब्जांतून १६३८४ वजा करा. उत्तर २९९९९८३६१६, ते इंटमध्ये मावत नाही, आणि रिटर्न होताना −१२९४९८३६८० होतं. म्हणजे तीन अब्ज हा १६३८४ पेक्षा लहान! पहिल्यापेक्षा दुसरा मोठा, दुसऱ्यापेक्षा तिसरा मोठा, आणि तिसऱ्यापेक्षा पुन्हा पहिला मोठा. अशा यादीचा क्रम लागेल तरी कसा? बीसर्चला यादीत असलेलं टेबल सापडत नाही, मग माझा कोड त्याची नवी नोंद करतो. वापरकर्त्याला विचारल्यावर तो म्हणाला, हो, काही टेबलं एकाच तासात दोनदा दिसतात, पण आम्हाला वाटलं ते तसंच असतं.

यातली गोम अशी की इंटचं ओआयडी केल्याने यात काहीच फरक पडत नाही. बिट तेच, वजाबाकी तीच, चक्रही तेच. अनसाइन्ड केलं की तुलना आपोआप सुधारेल या भ्रमात राहू नका. पोस्टग्रेसमध्ये ओआयडींसाठी ओआयडी_सीएमपी हे तयार फंक्शन आहे, ते वापरा. सतराव्या आवृत्तीपासून कॉमन फोल्डरातल्या इंट.एच मध्ये पीजी_सीएमपी_एस३२, पीजी_सीएमपी_यू३२ असे ओव्हरफ्लो न होणारे तुलनेचे मदतनीसही आलेत. जुन्या आवृत्त्यांसाठी दोन इफ लिहिले तरी पुरे.

सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्राम चालताना चुका पकडणारं साधन, हे पकडेल असं वाटत असेल तर एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. पोस्टग्रेसचा कॉन्फिगर -एफरॅपव्ही हा फ्लॅग लावतो. म्हणजे साइन्ड ओव्हरफ्लो झाला तर आकडा वळून येणं हेच ठरलेलं वागणं मानलं जातं, आणि मग जीसीसीच्या अनडिफाइन्ड सॅनिटायझरला त्यात तक्रार करण्यासारखं काही उरत नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ हे कळायला गेली. क्लँगमध्ये इम्प्लिसिट-कन्व्हर्जन नावाची वेगळी तपासणी आहे, ती साइन बदलणारी रूपांतरं दाखवते.

सी आणि एसक्यूएलच्या वेशीवर

उरला एसक्यूएलकडे जाणारा रस्ता. माझं फंक्शन एसक्यूएल स्क्रिप्टमध्ये ‘रिटर्न्स टेबल (रिलआयडी इंट४, ...)’ असं जाहीर केलेलं होतं. तिथेही उणे आकडे दिसायला हवे होते आणि दिसतही होते, पण लोक ते आकडे पाहतच नव्हते, सरळ पीजी_क्लासशी जॉइन करत होते. आणि जॉइन बिनबोभाट चालत होता, कारण इंट४ वरून ओआयडीवर जाणारा कास्ट पोस्टग्रेसमध्ये आपोआप होतो आणि बिटांना हात लावत नाही. एका चुकीने दुसरी झाकली होती.

या वेशीवर कंपायलरचं राज्य संपतं. सी फाइल एका बाजूला, एसक्यूएल स्क्रिप्ट दुसऱ्या बाजूला, दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. मध्ये जातं ते डेटम, म्हणजे नुसता बिटांचा गठ्ठा. हे किती गंभीर असू शकतं ते पाहायचं असेल तर एक फंक्शन लिहा. एसक्यूएलमध्ये फ्लोट८ जाहीर करा, सीमध्ये पीजी_रिटर्न_इंट६४(५) करा. ६४ बिटांच्या मशीनवर उत्तर येईल २.५ई-३२३. पाचाचे बिट दशांश अपूर्णांक म्हणून वाचले की ते असे दिसतात. ना एरर, ना वॉर्निंग.

हा नवशिक्यांचाच प्रमाद आहे असंही नाही. पोस्टग्रेसच्या मूळ कोडमध्ये डेटमकडे नेणारे आणि डेटमकडून आणणारे बहुतेक मदतनीस बरीच वर्षं मॅक्रो होते. मॅक्रो काहीही दिलं तरी कास्ट करून मोकळा होतो. २०२२ मध्ये, सोळाव्या आवृत्तीच्या तयारीत, त्यांची इनलाइन फंक्शनं केली, आणि उलट्या दिशेचा मदतनीस वापरलेल्या कितीतरी जागा उघड्या पडल्या. चालत होत्या त्या, पण योगायोगाने. ज्यांना टाइप माहीत असतो अशी फंक्शनं मॅक्रोपेक्षा बरी, हे मला त्या पॅचने पटवलं.

तर इंट३२-गेट-डेटम काढून ऑब्जेक्टआयडी-गेट-डेटम घाला आणि एसक्यूएलमध्ये इंट४ चं ओआयडी करा. पण परतीचा टाइप क्रिएट ऑर रिप्लेसने बदलता येत नाही, पोस्टग्रेस साफ नकार देतो. म्हणून एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती काढायची, अपग्रेड स्क्रिप्टमध्ये जुनं फंक्शन ड्रॉप करून नवं बनवायचं. वापरकर्त्याने त्या फंक्शनवर व्ह्यू बांधला असेल तर ड्रॉप अडेल, हे रिलीज नोटमध्ये आधीच सांगा. आणखी एक भानगड म्हणजे नवी लायब्ररी आली तरी वापरकर्ता ऑल्टर एक्स्टेन्शन चालवेलच असं नाही. इथे दोन्ही टाइप चार बाइटांचे म्हणून निभावलं. आकार वेगळा असता तर जुन्या जाहीरनाम्यासाठी जुनं सी फंक्शन तसंच ठेवावं लागलं असतं. पोस्टग्रेसबरोबर येणाऱ्या पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्सचा सी कोड उघडा, आवृत्तीगणिक वेगवेगळी फंक्शनं याच कारणाने रांगेत उभी दिसतील.

लाँग नावाचं दुखणं

ओआयडीचा दोष निदान सगळ्या मशीनवर सारखा दिसतो. लाँगचं तसं नाही. ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग ८ बाइटांचा, ६४ बिटांच्या विंडोजवर मात्र ४ चाच. पोस्टग्रेसमध्ये सॉर्टिंगच्या तात्पुरत्या फाइलींचे ब्लॉक क्रमांक लाँगमध्ये मोजले जात होते. २ चा ३१ वा घात गुणिले ८ केबी म्हणजे १६ टीबी, विंडोजवर त्यापुढे मोजणी कोलमडली असती. नोव्हेंबर २०२३ मध्ये, सतराव्या आवृत्तीसाठी, ते इंट६४ केले गेले. वर्क_मेम या मेमरी-मर्यादेचं दुखणं याच जातीचं. तो केबीमध्ये मोजलेला इंट, आणि कोडमध्ये जागोजागी १०२४एल ने गुणलेला असायचा. तो एल म्हणजे लाँग. विंडोजवर हा गुणाकार २ जीबीला फुटला असता, म्हणून अठराव्या आवृत्तीआधी तिथे कमाल मर्यादाच खाली ठेवलेली होती. तुमच्या कोडमध्ये लाँग सापडला तर आकारासाठी साइझ_टी आणि मोजणीसाठी इंट६४ करा, आणि फॉर्मॅटमधला %एलडी बदलायला विसरू नका.

ब्लॉकनंबर आणि ट्रान्झॅक्शनआयडी हेही अनसाइन्ड ३२ बिटांचेच. त्यांनाही इंटमध्ये कोंबलेलं आहे का, हे हात लागलाच आहे तर बघून घ्या.

टेस्ट आधी नापास होऊ द्या

टेस्ट लिहून झाली की गिट स्टॅशने दुरुस्ती बाजूला ठेवा आणि टेस्ट जुन्या कोडवर चालवा. ती नापास झाली नाही तर ती काहीच तपासत नाहीये. फंक्शन ओआयडी घेणारं असेल तर क्लस्टरशी खेळायची गरज नाही, ‘२१४७४८३६४८::ओआयडी’ असं सरळ देता येतं. मी नेहमी २१४७४८३६४७, त्याच्या पुढचा आणि ४२९४९६७२९५ असे तीन घेतो. उंबरठ्याचा अलीकडचा, पलीकडचा आणि घराच्या टोकाचा. खरं टेबल तीन अब्जांवर नेऊन बघायचं तर पर्लमधली टॅप टेस्ट लागते, कारण सर्व्हर बंद करणं, पीजी_रीसेटवॉल चालवणं आणि पुन्हा चालू करणं साध्या एसक्यूएल टेस्टला जमत नाही. तुलनेच्या चक्रासाठी मात्र १६३८४ च्या आसपासचं, दोन अब्जांवरचं आणि तीन अब्जांवरचं अशी तीन टेबलं हवीत. तेव्हा रीसेटवॉल दोनदा.

पॅच

पॅचचे तुकडे करा. टाइपची दुरुस्ती एका कमिटमध्ये, तुलनेचं फंक्शन दुसऱ्यात, एसक्यूएलचा बदल तिसऱ्यात. तिन्ही एकाच गाठोड्यात दिली की वाचणारा कंटाळतो, आणि जुन्या शाखांमध्ये नेताना तुमचीच पंचाईत होते. जुन्या शाखांसाठी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: हेडरमधल्या स्ट्रक्टचा आकार किंवा फंक्शनची सही बदलली का? इंटचं ओआयडी करताना आकार बदलत नाही, म्हणून माझे पहिले दोन कमिट मागच्या शाखांतही गेले. लाँगचं इंट६४ करताना विंडोजवर तो बदलतो, आणि आधीच बिल्ड झालेली दुसऱ्यांची एक्स्टेन्शनं मोडू शकतात. असा बदल पुढच्या मोठ्या आवृत्तीतच.

मूळ पोस्टग्रेसला पॅच पाठवत असाल तर पीजीइंडेंट (कोडची मांडणी नीट करणारा प्रोग्राम) चालवून गिट फॉर्मॅट-पॅचने फाइल काढायची, हॅकर्सच्या मेलिंग यादीवर पाठवायची आणि कमिटफेस्टमध्ये, म्हणजे रिव्ह्यूच्या रांगेत, नोंदवायची. पुल रिक्वेस्टची पद्धत तिथे नाही. कमिट मेसेजमध्ये ‘टाइप दुरुस्त केला’ एवढंच लिहू नका. कोणता आकडा, कोणत्या मर्यादेपुढे, कसा दिसत होता आणि घडवून कसा बघायचा, हे चार वाक्यांत लिहा. माझ्या मेसेजची पहिली ओळ अशी होती: ‘ओआयडी २१४७४८३६४७ च्या पुढे गेल्यावर टेबल उणे क्रमांकाने दिसतं आणि यादीत दोनदा नोंदलं जातं.’ खाली पीजी_रीसेटवॉलची आज्ञा. रिव्ह्यू करणाऱ्याने ती चालवली, दहा मिनिटांत दोष त्याच्याकडेही घडला, आणि त्याचा पहिला प्रश्न आला, ‘ही ए - बी वाली तुलना आणखी कुठे आहे का?’ होती. दोन जागी.